तुटलेला बोल्ट: आधी सैल करा, मग फिरवा

बोल्ट तुटतो तेव्हा फारसा आवाज होत नाही. पान्यावरचा जोर एकदम हलका होतो, क्षणभर वाटतं की सुटला एकदाचा, आणि मग सॉकेटमधून नुसतं डोकं हातात येतं. बाकीचा भोकातच. याच क्षणी ड्रिल मशीन आणायला जो उठतो, तो साध्या बोल्टचं दुखणं अख्ख्या पार्टला लावून घेतो. मीही हे केलेलं आहे, ते पुढे येईलच. तूर्त पाना खाली ठेवा, हात पुसा आणि तुटलेलं डोकं टाकून देऊ नका. ते लागणार आहे.

पुढचं सगळं ज्याने हे काम कधीच केलेलं नाही त्याच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून थर्मोस्टॅट हाउसिंगचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, झडप ज्यात बसते त्या घराचा) एम-६, म्हणजे ६ मिमी जाडीचा, बोल्ट डोळ्यासमोर ठेवू: पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचं घर, वर्षानुवर्षं कूलंटचा ओलावा आणि इंजिनाची उष्णता. तुटायला याहून चांगली परिस्थिती शोधून सापडणार नाही.

तुटला, पण कशामुळे?

हत्यार निवडण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवं. बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

घट्ट करताना जास्त जोर लागून बोल्ट तुटला असेल, तर तुमचं नशीब चांगलं. आटे अडकलेले नसतात. डोकं होतं तोवर बोल्ट ताणलेला होता, डोकं गेल्यावर तो ताणही गेला. उरलेला तुकडा भोकात नुसता बसून असतो. टोकदार सुई किंवा बारीक छिन्नी त्याच्या कडेवर टेकवून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हळूहळू टिचक्या मारल्या तरी पुष्कळदा तो फिरत फिरत वर येतो. चालत्या गाडीत थरथरीने तुटलेल्या बोल्टचंही तसंच. त्याचा तुटलेला चेहरा पाहा: एका बाजूला गुळगुळीत, लाटांसारख्या बारीक रेषा असलेला भाग आणि उरलेला खडबडीत. ही धातू थकल्याची खूण. चीर हळूहळू वाढत गेली आणि शेवटचा खडबडीत भाग एका झटक्यात गेला. असा तुकडा सहसा सहज निघतो, मात्र शेजारचे बोल्टही सैल आहेत का हे तपासा, कारण जोड सैल राहिली की बोल्टवर दर थरथरीला उलटसुलट ताण येतो.

खरा त्रास तिसऱ्या प्रकाराचा: सोडवताना तुटलेला. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आट्यांमधली फट भरून तो पाचरीसारखा दाबून बसतो. ॲल्युमिनियममध्ये पोलाद असेल आणि ओलावा असेल तर दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया होते आणि पांढरी पूड आटे जाम करते. काही ठिकाणी कारखान्यातच आट्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट पदार्थ, लावलेलं असतं. कारण कोणतंही असो, अर्थ एकच. पूर्ण डोकं शाबूत होतं, हातात लांब पाना होता, तरी जो हलला नाही, तो बोल्ट आता तुमच्यासमोर आहे.

आता ईझी-आउटचा विचार करा. दुकानात मिळणारं ते उलट्या पिळाचं हत्यार, जे बोल्टमध्ये भोक पाडून त्यात अडकवायचं आणि उलटं फिरवायचं. एम-६ बोल्टचा आट्यांच्या तळाशी व्यास असतो सुमारे ४.८ मिमी. त्यात ३ मिमीचं भोक पाडलं तर आत जाणारं ईझी-आउट साडेतीन मिमीच्या आसपास. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे व्यास निम्मा केला तर ताकद एक-अष्टमांश उरते. ज्या जोराने ४.८ मिमीचा बोल्ट तुटला, तोच जोर तुम्ही त्याहून बारीक आणि ठिसूळ सळईवर टाकणार. ती तुटणारच. ईझी-आउट वाईट नाही, पण ते फिरवायचं हत्यार आहे. पकड सोडवण्याचं काम त्याच्या आधी, दुसऱ्या कशाने तरी झालेलं असलं पाहिजे.

हात लावण्याआधी बघा

वायर ब्रशने जागा घासून काढा, टॉर्च लावा. बोल्ट वर किती उरला आहे, पृष्ठभागाच्या बरोबरीने तुटला आहे की आत खोल? मग शेजारचा त्याच लांबीचा बोल्ट काढून तुटलेल्या डोक्याशी जुळवा. दोघांतला फरक म्हणजे भोकात उरलेल्या तुकड्याची लांबी. ड्रिल किती खोल न्यायचा हे यावरूनच कळतं, म्हणून डोकं जपून ठेवायला सांगितलं. डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात तेही वाचून ठेवा. ८.८ म्हणजे साधारण ८०० मेगापास्कलला तुटणारं पोलाद, १०.९ म्हणजे १,०००. आकडा मोठा तेवढा ड्रिलला त्रास जास्त, आणि नवा बोल्ट घेतानाही हाच आकडा मागायचा.

भोक आरपार आहे की बंद तळाचं? आरपार असेल तर पलीकडे काय आहे? कूलंटचा मार्ग, तेलाचा मार्ग, की मोकळी हवा? ड्रिलचा कीस तिथे पडणार आहे. थर्मोस्टॅट हाउसिंग असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि कूलंट काढून घ्या. गरम यंत्रणेत ते दाबाखाली असतं, अंगावर आलं तर भाजतं. उघडी तोंडं स्वच्छ फडक्याने बंद करा आणि किती फडकी कोंबली ते कुठेतरी लिहून ठेवा. हसू नका. आत राहिलेलं एक फडकं तुटलेल्या बोल्टपेक्षा महाग पडतं.

पार्ट गाडीवरून सोडवून टेबलावर आणता येत असेल तर आणा. वाकून, आरशात बघत, अर्ध्या हाताने केलेलं ड्रिलिंग सरळ होणं कठीण. शिकंज्यात घट्ट धरलेल्या पार्टवर तेच काम निम्म्या वेळात होतं.

पकड मोडायची: तेल, उष्णता, ठोके

या टप्प्याला घाई चालत नाही. गंज सोडवणारं तेल फवारून लगेच पाना लावणं म्हणजे पी हळद नि हो गोरी. तेल आट्यांच्या फटीतून केसासारख्या बारीक वाटेने आत सरकतं आणि त्याला वेळ लागतो. फवारा, हातोडीने हलके ठोके द्या, अर्ध्या तासाने पुन्हा फवारा. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. पार्टची मागची बाजू मोकळी असेल तर तिकडूनही लावा.

तेल कोणतं, यावर मेकॅनिक लोकांत वाद रंगतात. एवढं लक्षात ठेवा की नेहमीच्या डब्ल्यूडी-४० फवाऱ्याचं नावच मुळी पाणी हटवण्याच्या चाळिसाव्या प्रयोगावरून पडलं आहे. तो चालतो, पण खास गंज सोडवण्यासाठी बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल जास्त कामाचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समभाग मिसळून घरगुती मिश्रणही बरेच जण वापरतात. ते दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, दर वेळी हलवून घ्यावं लागतं, आणि ॲसिटोन झटकन पेट घेतो. रंगावर आणि रबरावर पडलं तर ते खराब होतात.

ठोक्यांचं काम नवख्याला कमी वाटतं, पण गंजाचा थर ठिसूळ असतो. बोल्टच्या तोंडावर बोथट पंच टेकवून, बोल्टच्या रेषेत, मध्यम हातोडीने दहा-पंधरा सरळ ठोके दिले तर तो थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. हाउसिंगच्या पातळ कानावर मात्र ठोकू नका. ॲल्युमिनियमचा ओतीव कान वाकत नाही, सरळ तुटतो.

उष्णता हे यातलं सगळ्यात ताकदवान औषध. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं: दर अंशाला दर मीटरमागे पोलाद सुमारे १२ मायक्रॉन, ॲल्युमिनियम सुमारे २३. ८ मिमीच्या भोकाचा हिशेब केला तर १०० अंश तापमान वाढल्यावर भोक बोल्टपेक्षा जेमतेम ०.००९ मिमी जास्त मोठं होतं. आकडा हास्यास्पद वाटेल, पण गंजाची पकड तुटायला एवढी हालचाल पुरते. म्हणून ॲल्युमिनियमच्या पार्टमध्ये बोल्टच्या आजूबाजूचं घर तापवायचं, बोल्ट नव्हे. बिडाच्या किंवा पोलादी पार्टमध्ये दोन्ही सारखेच पसरतात. तिथे बोल्टच तापवा आणि थंड होऊ द्या. तापताना तो अडकलेल्या जागी फुगतो, थंड होताना आकसतो, आणि दोन-तीन फेऱ्यांत आटे सुटे होतात.

ॲल्युमिनियम तापवताना एक धोका कायम लक्षात असू द्या. पोलाद लाल होऊन इशारा देतं, ॲल्युमिनियम देत नाही. रंग न बदलता ते थेट वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधी, २०० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर, त्याची ताकद कमी होऊ लागते. माझी साधी पद्धत पाण्याच्या थेंबाची. थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला तर तापमान १०० च्या वर आहे, ठीक. थेंब उडण्याऐवजी गोळी होऊन नाचू लागला तर २०० च्या आसपास पोहोचलात, आता थांबा. हीट गन असेल तर ती वापरा, गॅस टॉर्च असेल तर ज्योत सतत फिरती ठेवा. थ्रेडलॉकर असल्याचा संशय असेल तर साधं निळं सहसा हाताच्या जोराने सुटतं. लाल, पक्क्या प्रकाराला सुमारे २५० अंश लागतात, म्हणून तिथे उष्णता मुख्यतः बोल्टला द्यायची आणि थोडा वेळच.

तापलेल्या बोल्टच्या कडेला मेणबत्तीचं मेण टेकवायची जुनी युक्ती आहे. मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं. दरवेळी जमतं असं नाही, पण जमतं तेव्हा जादू वाटते.

पेट्रोलचे पाइप, प्लास्टिक आणि वायरिंग जवळ असेल तर ज्योत नकोच. तेल फवारलेल्या जागी ज्योत लावण्याआधी ती पुसून घ्या. आणि ब्रेक क्लीनरने जागा धुतली असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत ज्योत किंवा वेल्डिंग अजिबात नाही. क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

वर थोडा उरला असेल तर

पाच-सहा मिमी जरी वर असला तरी काम सोपं. लॉकिंग प्लायर (आवळल्यावर तशीच अडकून राहणारी पकड) बोल्टवर घट्ट आवळा. गोल बोल्टवर तो घसरतो, म्हणून आधी कानशीने दोन बाजू सपाट करून घ्या. उरलेल्या भागावर आटे चांगले असतील आणि जागा असेल, तर दोन नट चढवून एकमेकांवर आवळा आणि खालच्या नटला पाना लावून उलटा फिरवा. खालचाच, कारण तो वरच्यावर दाबला जाऊन बोल्टला सोबत घेतो. वरचा फिरवलात तर नुसता नट निघून येईल.

फिरवायची पद्धत महत्त्वाची. एकदम उलटा जोर लावू नका. आधी घट्ट करण्याच्या दिशेला केसभर, मग उलट, मग परत. थोडासा हलला की तेल, परत पुढे-मागे. अर्धा वळसा निघाला आणि पुन्हा जड झाला तर मागे न्या. आट्यांत अडकलेली पूड अशानेच बाहेर पडते. जोर लावताना हाताला बोल्ट लवचिक, रबरासारखा वाटू लागला तर तो पिळला जातोय, फिरत नाहीये. लगेच थांबा आणि पुन्हा उष्णतेकडे वळा. ही जाणीव हाताला यायला एक-दोन बोल्ट तुटावे लागतात, त्याला इलाज नाही.

वेल्डिंगची सोय असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ड्रिलच्या आधी नट वेल्ड करून बघा. बोल्ट पृष्ठभागाच्या बरोबरीने तुटला असला तरी. तुटलेल्या तोंडावर वॉशर ठेवायचा, त्याच्या भोकातून वेल्ड करून थोडा उंचवटा करायचा, मग नट ठेवून नटच्या आतून भरायचा. पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून घराला सहसा धक्का लागत नाही. आणि फायदा दुहेरी: पकडायला नवं डोकं मिळतं आणि बोल्टला आतून जबरदस्त उष्णता मिळते, म्हणजे आधी सैल करायचं कामही त्यातच उरकतं. लाली जाऊ द्या, मिनिटभर थांबा आणि पुढे-मागे करत काढा. पहिलं वेल्ड तुटलं तर दुसरं करा. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला निघालेले बोल्ट पुष्कळ आहेत, कारण प्रत्येक वेळी उष्णतेची एक फेरी होते. जस्ताचा मुलामा असलेला नट वापरू नका, त्याचा धूर त्रासदायक असतो. गाडीवरच वेल्ड करत असाल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, वेल्डिंग मशीनचा अर्थ क्लॅम्प बोल्टच्या शक्य तितक्या जवळ लावा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. स्वतःला वेल्डिंग येत नसेल तर पार्ट काढून वेल्डरकडे न्या. त्यात कमीपणा काही नाही.

ड्रिल करायचंच झालं तर

सगळा खेळ मध्यबिंदूचा आहे. बोल्ट कठीण, ॲल्युमिनियम मऊ. भोक जरा कडेला सुरू झालं की बिट कठीण पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतो आणि पार्टचे आटे खातो. म्हणून तुटलेलं तोंड आधी सपाट करा, बारीक कानशीने किंवा छोट्या ग्राइंडरच्या दगडाने. मग सेंटर पंच लावून अगदी हलका ठोका द्या आणि भिंगातून बघा. मध्य चुकला असेल तर पंच तिरका धरून खड्डा योग्य बाजूला सरकवा. बरोबर वाटला की मगच मोठा ठोका.

बोल्ट खोल तुटला असेल तर पंच सरळ धरताच येत नाही. तेव्हा भोकात सरकत बसेल अशी नळी करून घ्या. तिचा बाहेरचा व्यास भोकात बसणारा आणि आतला पहिल्या बिटच्या मापाचा. लेथवर असा बुश पाच मिनिटांत निघतो. थर्मोस्टॅट हाउसिंगसारख्या ठिकाणी झाकण परत जागेवर बसवून, बाकीच्या बोल्टांनी आवळून, त्याच्याच भोकात हा बुश घातला तर मध्य आपोआप मिळतो.

बिट चांगला असावा. साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) ८.८ च्या बोल्टला पुरतो, त्यापुढे कोबाल्टवाला. आणि शक्य असेल तर डाव्या पिळाचा, म्हणजे ड्रिल मशीन उलटं फिरवून कापणारा. साधा बिट कापताना बोल्टला आणखी आत आवळत असतो, डावा बिट सोडवण्याच्या दिशेने ओढतो. आधी तेल-उष्णता झालेली असेल तर ड्रिल करता करताच तुकडा बिटला चिकटून बाहेर आलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्या क्षणासारखं सुख नाही.

वेग कमी, दाब पक्का. ३ मिमीच्या बिटला मिनिटाला १,५०० फेरे पुरेत, ५ मिमीच्या बिटला ९०० च्या आसपास. बिट जसा जाड होईल तसा वेग उतरवायचा, कारण महत्त्वाचा असतो कडेचा वेग. कटिंग ऑइलचे थेंब टाकत राहा. बिट किंचाळू लागला आणि कीस निघणं थांबलं तर तो कापत नाही, घासतोय. घासल्याने तोंड तापून आणि दबून आणखी कठीण होतं. थांबा, धार बघा. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि फिरत्या बिटजवळ सैल हातमोजे किंवा बाह्या नकोत.

एम-६ साठी पहिलं भोक अडीच ते ३ मिमी, एम-८ साठी ४, एम-१० साठी ५ ते ६. आता ईझी-आउट. बोल्ट आधीच हलू लागला असेल, किंवा घट्ट करताना तुटलेला असेल, तरच. सरळ धारांचा प्रकार मिळाला तर तो घ्या. पिळाचा शंकूसारखा प्रकार आत जाताना बोल्टला बाहेरच्या बाजूला फुगवतो, म्हणजे सैल करायचं सोडून आणखी घट्ट करतो. टॅप हँडलला (टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, धरायच्या दोन बाजूंच्या दांड्याला) दोन्ही हातांनी सारखा जोर द्या. एका बाजूने लांब पाना लावला की हत्यार वाकतं आणि मोडतं.

माझं मोडलं ते असंच. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमधला एम-८, सोडवताना तुटलेला, गंजलेला. तेल लावून मी दहा मिनिटंही थांबलो नाही. भोक छान मध्यावर पडलं होतं, म्हणून आत्मविश्वास वाढला, आणि रॅचेट लावून ओढलं. टक् असा आवाज. ईझी-आउटचं पोलाद इतकं कठीण असतं की साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो. मी तरी चालवला, तो सरकून ब्रॅकेटच्या ॲल्युमिनियममध्ये घुसला. आगीतून फुफाट्यात. शेवटी तो पार्ट स्पार्क इरोजनवाल्याकडे गेला. तिथे विजेच्या ठिणग्यांनी कठीण धातू कणाकणाने खाल्ला जातो, बाजूच्या आट्यांना फारसा धक्का न लावता. तुमचं मोडलं तर पुढे काही करू नका, थेट तिकडेच न्या. कार्बाइडच्या बारीक बरने (मशीनवर फिरणाऱ्या छोट्या कानशीने) घासून काढता येतं, पण त्याला हात स्थिर आणि पार्ट टेबलावर हवा.

बोल्ट फिरायचं नावच घेत नसेल तर

मग तो पूर्ण ड्रिल करून संपवायचा. मध्य अचूक असेल तरच. एम-६ मध्ये ३, मग ४, मग ५ मिमी. एम-८ मध्ये शेवट ६.८, एम-१० मध्ये ८.५ (साध्या १.५ पिचच्या, म्हणजे दोन आट्यांत १.५ मिमी अंतर असलेल्या, आट्यांसाठी). ही मापं टॅपच्या आधी पाडायच्या भोकाची आहेत, म्हणजे त्या मापाला आलं की बोल्टचा फक्त आट्यांमधला स्प्रिंगसारखा पातळ वेढा उरतो. सुईने त्याचं टोक उचका आणि बारीक पकडीने सोलून काढा. शेवटच्या मापाआधी थांबून भोकाच्या कडा बघा. एका बाजूला ॲल्युमिनियम चमकू लागलं आणि दुसऱ्या बाजूला अजून पोलाद जाड असेल तर मध्य सरकलाय. तिथून मोठा बिट नको, उरलेलं छोट्या बरने किंवा छिन्नीने आत मुडपून काढा.

नंतर आटे साफ करायचे. टॅपला ग्रीस लावा म्हणजे कीस त्याला चिकटेल, अर्धा वळसा पुढे, पाव मागे, असा चालवा. टॅपही ठिसूळ असतो, जड लागला तर जबरदस्ती नको. आटे चांगलेच असतील तर टॅपऐवजी त्याच मापाच्या बोल्टला लांबीच्या दिशेने करवतीने दोन खाचा पाडून तो फिरवा. टॅप नवं कापतो, हा बोल्ट फक्त मळ काढतो.

आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल. स्टेनलेस तारेची स्प्रिंग असते ती. भोक किटमधल्या बिटने मोठं करायचं (एम-६ साठी साधारण ६.३, एम-८ साठी ८.३ मिमी), किटमधल्याच टॅपने आटे पाडायचे, कारण त्याचं माप साध्या टॅपसारखं नसतं, आणि स्प्रिंग पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा वळसा खाली जाईपर्यंत फिरवायची. खालची शेपटी पंचाने तोडून बाहेर काढायची, आत सोडायची नाही. ॲल्युमिनियममध्ये हे नवे आटे मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतात, त्यामुळे याला दुय्यम दुरुस्ती समजू नका.

कुठे हात लावायचा नाही

ब्रेक कॅलिपरचा ब्लीडर निपल (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा छोटा स्क्रू) तुटला तर आतून आधीच पोकळ असल्याने मोहात पाडतो, पण कॅलिपर बदलणं हा शहाणपणाचा सौदा. स्टिअरिंग, सस्पेन्शनचे मुख्य बोल्ट आणि एअरबॅगच्या आसपासचं काही, हे पहिल्या प्रयोगासाठी नव्हे. सिलिंडर हेडमधला स्टड, तुटलेला स्पार्क प्लग किंवा ग्लो प्लग असेल तर चुकीच्या भोकाची किंमत अख्खं हेड, आणि कीस सिलिंडरमध्ये पडतो तो वेगळाच. हे काम रोज करणाऱ्याकडे द्या.

नवा बोल्ट बसवताना

भोक हवेने किंवा व्हॅक्यूमने पूर्ण रिकामं करा. बंद तळाच्या भोकात तेल साचलं असेल आणि बोल्ट आवळला, तर तेलाला जायला जागा नसते, ते दबत नाही, आणि ओतीव घर चिरतं. फडकी मोजून बाहेर काढा.

त्याच मापाचा, त्याच दर्जाचा, त्याच लांबीचा नवा बोल्ट घ्या. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारी) पातळ लावा, पण लक्षात ठेवा की पेस्टने घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून गाडीच्या पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर थोडा कमी ठेवा. पुस्तक हाताशी नसेल तर अंदाज म्हणून ८.८ चा एम-६ सुमारे १० न्यूटन-मीटर आणि एम-८ सुमारे २५. एम-६ ला १० हा आकडा मनगटाला फार कमी वाटतो, म्हणूनच एवढे एम-६ तुटतात. टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) वापरा. थर्मोस्टॅट हाउसिंगचे बोल्ट आलटून पालटून, दोन टप्प्यांत आवळा, कूलंट भरून इंजिन पंखा सुरू होईपर्यंत चालू ठेवा, आणि थंड झाल्यावर झाकणाच्या कडेवरून कोरडं बोट फिरवून ओल आहे का ते बघा.